विजेच्या पॉइंटशेजारी नेटचा पॉइंट

अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंतीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. आत विटा नसतात. साधारण १६-१६ इंचांवर उभे लाकडी खांब, त्यांना इथे स्टड म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी ठोकलेले जिप्समचे बोर्ड. छिन्नी-हातोडा घेऊन खाच पाडायची, पाइप बसवायचा, वरून सिमेंट लिंपायचं, असलं काही नाही. हातकरवतीने चौकोन कापला की भिंत उघडी. म्हणूनच टेबलाजवळच्या विजेच्या पॉइंटशेजारी नेटचा पॉइंट स्वतःच बसवायचं ठरवलं.

आधीच्या मालकाने बैठकीत असाच एक पॉइंट केला होता. त्याने कसं केलंय ते बघावं म्हणून ब्रेकर पाडला, टेस्टरने खात्री केली आणि प्लेट काढली. पोटात धस्स झालं. एकाच डब्यात विजेच्या काळ्या-पांढऱ्या वायरी आणि त्यांच्यातूनच नेटची निळी केबल. तिचं वरचं कव्हर सोललेलं, आतली नारिंगी तार सॉकेटच्या स्क्रूपासून जेमतेम नखभर अंतरावर.

वीज आणि डेटा वेगळे ठेवतात ते सिग्नलमध्ये खरखर येऊ नये म्हणून, असं मीही समजत होतो. ते आहेच. पण खरं कारण माणसाच्या हाताचं आहे. नेटच्या वायरीत काही व्होल्ट असतात, कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज दिली तर पन्नासच्या आसपास. म्हणून मेन बंद न करताच आपण ती धरतो, मुलं धरतात. इथल्या प्लगमधले १२० व्होल्ट तिच्यात उतरले, तर त्या टोकाला बसलेल्या माणसाला कळणार कसं?

इथल्या विजेच्या कामाच्या नियमावलीत, नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, हे स्पष्ट आहे: मध्ये पक्का पडदा नसेल तर दोन्ही वायरी एका डब्यात नकोत. भिंतीतही दोन इंच अंतर हवं. विजेची केबल स्वतःच्या आवरणात असेल तर त्यातून सूट मिळते, पण मी ती घेतली नाही. नवा पॉइंट स्टडच्या पलीकडच्या पोकळीत घेतला. वर माळ्यावर जिथे विजेची केबल ओलांडावी लागली, तिथे काटकोनात ओलांडली, समांतर नेली नाही.

मला सगळ्यात आवडली ती नेटच्या पॉइंटची चौकट. तिला पाठच नसते. विजेचा डबा बंद असावाच लागतो, कारण जोड तापला, ठिणगी उडाली तर ती आतच राहायला हवी. नेटच्या वायरीला ती भीती नाही, तिला वळायला जागा लागते. कॅट-सिक्स, म्हणजे मी वापरलेली नेटची केबल, वाकवताना वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी होऊ द्यायची नसते. त्या उघड्या पाठीतून ती भिंतीत सैल वळते.

माळ्यावरून केबल सोडली. खाली लेक चौकोनात हात घालून बसली होती. "बाबा, लागली हाताला!" म्हणून ओरडली, तेव्हा कुठे श्वास सुटला. वरचं भोक आग-रोधक सीलंटने बुजवलं. नाहीतर भिंतीतली आग त्याच वाटेने माळ्यावर चढते.

जोडणीला वेळ लागला. आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. हा पीळच बाहेरची खरखर मारतो, म्हणून अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. लेक जॅकवरचे, म्हणजे नेटच्या सॉकेटवरचे, रंग वाचत गेली, मी तारा दाबत गेलो. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी... नेटच्या केबलच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले.

मग बैठकीत गेलो. ब्रेकर पुन्हा पाडला, ती निळी केबल डब्यातून ओढून काढली, शेजारच्या पोकळीत तिला स्वतःची चौकट दिली. विजेच्या डब्याला उरलेलं भोक बुजवायला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने सॉकेटचे स्क्रूही पुन्हा आवळून दिले. दोन सैल होते.