इंजिनाचा मूळ रंग

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या रंगाच्या एका दुकानात गेल्या शनिवारी दुपारी मी जवळजवळ तासभर उभा होतो आणि तेवढ्या वेळात माझ्यामागून आलेली चार-पाच गिऱ्हाइके आपापले डबे घेऊन निघूनही गेली. मला फक्त एक लिटर रंग हवा होता. दुकानदाराने सवयीने "दार, खिडकी का ग्रिल?" असे विचारले. मी "इंजिन" म्हणालो. तेव्हा त्याने शेडकार्ड माझ्यापुढे सरकवले आणि "मग बघा सावकाश" म्हणून तो दुसऱ्याकडे वळला.

शेडकार्ड सावकाश बघायची चीज आहे, हे मला त्या दिवशी पटले. आमच्याकडचे सगळे मेस्त्री ज्याला 'डीएग्रे' म्हणतात तो आबोली किंवा डाळिंबी यांसारखा एकच शब्द असावा, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात ती दोन आद्याक्षरे आणि एक रंग आहे, आणि त्या आद्याक्षरांचा विस्तार 'डार्क ॲडमिरल्टी' असा होतो. भारतीय मानकांच्या आय. एस. ५ या रंगांच्या यादीत हा राखाडी ६३२ क्रमांकावर बसलेला आहे. ॲडमिरल्टी म्हणजे ब्रिटिश आरमाराचा कारभार पूर्वी पाहणारे खाते. म्हणजे उद्यमनगरातली लेथ मशीन, गल्लोगल्लीच्या पिठाच्या गिरण्या आणि निम्म्या शहराची शटरे इंग्लंडच्या लढाऊ जहाजांचा रंग अंगावर घेऊन बसलेली आहेत, आणि तेही अशा गावात, जिथून सह्याद्रीचा घाट उतरल्याशिवाय समुद्राचे दर्शन होत नाही. 'पी. ओ. रेड' हा पोस्टाचा लाल, हे मात्र पेटीमुळे लवकर कळते. पुढे बस ग्रीन, स्मोक ग्रे, गोल्डन ब्राउन आणि या सगळ्या साहेबी मंडळींत अंग चोरून उभा राहिल्यासारखा एकटा फिरोजी. त्या चौकोनी ठिपक्यावर माझे बोट थांबले आणि तासातला उरलेला सगळा वेळ तिथेच गेला.

इंजिन आमच्या आबांचे. प्रयाग चिखलीच्या बाजूला आमचे थोडे रान आहे, त्यातल्या विहिरीवर ते बसवलेले होते. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढी चाके असलेले लिस्टर. आबांनी ते जुने विकत घेतले होते. विजेची मोटर आल्यावरही भारनियमनाच्या भीतीने ते तिथेच राहिले, नंतर भीती गेली तरी उचलायचे कष्ट नकोत म्हणून राहिले आणि २०१९ च्या महापुरात कितीतरी दिवस पंचगंगेच्या पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर चाकांच्या आऱ्यांत गाळ वाळून बसला. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला आणि जुन्या गाळावर नवा बसला. चुलतभावाने ते भंगारात घालायचे ठरवले, तेव्हा मी ते टेम्पोत घालून शहरात माझ्या दारात आणून ठेवले. त्या दिवसापासून आमच्या घरात या विषयावर बोलणे होत नाही.

गंज काढायला बसलो आणि रंग निघू लागले. सर्वांत वर चंदेरी. चंदेरी रंग मारलेल्या इंजिनाबद्दल माझे मत फार वाईट आहे आणि ते मी कोणी विचारले नाही तरी सांगतो. ओतीव लोखंडाला चंदेरी फासले की ते ओतीव लोखंड वाटत नाही, लग्नाच्या मांडवातला पुठ्ठ्याचा हत्ती वाटते. सायलेन्सरजवळ साधा एनॅमल जळून पापुद्रे धरतो आणि ॲल्युमिनियमचा रंग उष्णतेला टिकतो, हे मला मान्य आहे. पण टिकतो म्हणून तो सायलेन्सरला लावावा, टाकीला, चाकांना आणि पितळी पाटीलाही लावावा असा त्याचा अर्थ होत नाही. पाटीवर रंग मारणाऱ्या माणसाला मी कधीच माफ करू शकलेलो नाही. आमच्या पाटीवरचे चंदेरी थिनरने काढले, मग चिंच लावून ती देवाच्या उपकरण्यासारखी घासली, तेव्हा लिस्टर हे नाव आणि डर्सले हे गाव वाचता आले. डर्सले इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशर परगण्यात आहे. आबा आयुष्यात एकदाच मुंबईला गेले होते आणि तिथली हवा चांगली नाही असे सांगत परत आले होते.

चंदेरीच्या खाली डीएग्रे निघाला, त्याच्या खाली फिरोजी आणि फिरोजीच्या खाली, लोखंडाला चिकटून, एक गडद हिरवा. तो कारखान्याचा. या हिरव्याच्या जातीला ब्रन्सविक हिरवा म्हणतात. आय. एस. ५ च्या यादीत फिकट, मध्यम आणि गडद अशी तीन भावंडे शेजारशेजारच्या क्रमांकांवर, २२५ पासून २२७ पर्यंत, ओळीने बसलेली आहेत. ब्रन्सविक म्हणजे जर्मनीतले ब्राउनश्वाइक. हा रंग तिथे मुळात तांब्यापासून करत असत आणि पुढे प्रशियन निळ्यात क्रोम पिवळा मिसळून करू लागले. क्रोम पिवळ्यात शिसे असते, म्हणून असले जुने रंग कोरडे खरवडायचे नसतात. मी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तोंडाला फडके बांधून घासत होतो आणि शेजारचे लोक कठड्यावरून बघत होते.

जुनी इंजिने सांभाळणाऱ्या जाणकारांचा दंडक असा की, यंत्राला त्याच्या मूळ रंगात न्यावे. दंडक चांगला आहे आणि तो पाळणाऱ्यांविषयी मला आदर आहे. अडचण इतकीच की, आमच्या भागात इंजिनाला मूळ रंग असतो ही कल्पनाच कुणाला नव्हती. इंजिनाला रंग मिळायचा तो घरात उरलेला. दारांना रंग दिला आणि पाव डबा उरला की, तो वाळून जाण्याआधी विहिरीवर पोचायचा. डीएग्रे उरला होता तो चुलत्यांनी गिरणी घातली त्या वर्षीचा. चंदेरी पाण्याच्या टाकीच्या शिडीचा. आणि फिरोजी सुंदीआत्याच्या लग्नातला.

ते १९७८ साल असावे, कारण मी तिसरीत होतो. लग्नाआधी घराला रंग निघाला, दारे-खिडक्या फिरोजी झाल्या, सोप्यातले लाकडी खांबही फिरोजी झाले आणि तरीही रंग उरला. लग्न पार पडून मांडव उतरला त्याच आठवड्यात एका सकाळी आबा तो डबा आणि केस झडलेला एक ब्रश घेऊन रानात निघाले आणि मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी आधी रॉकेलच्या बोळ्याने इंजिन पुसले. मग धोतराचा सोगा खोचून ते उकिडवे बसले आणि खालच्या पायापासून वर रंग लावत गेले, मध्ये एकदाही न थांबता आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता. पट्टा ज्यावर फिरतो ती पुली त्यांनी कोरी ठेवली. तिला रंग लागला तर पट्टा घसरतो. बाकी कशालाही त्यांनी सोडले नाही. डब्याच्या तळाशी जे राहिले त्यातून माझ्या पाटीची लाकडी चौकट रंगवून दिली.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करताना मी तिथे होतो. वरचा लिव्हर उचलायचा म्हणजे झडप उघडी राहून दाब धरत नाही, मग हँडल घालून जोर लावायचा, चाकांना गती आली की लिव्हर पाडायचा आणि हात सांभाळून हँडल काढून घ्यायचे. पहिला ठोका नेहमी असा यायचा की कुणीतरी छातीतून खोकते आहे. मग दुसरा, तिसरा आणि नंतर मोजता येणार नाहीत इतके. मिनिटाला ६०० फेरे आणि दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे सेकंदाला पाच. हे गणित मी पुढे केले. तेव्हा मला सायलेन्सरच्या तोंडावर उपडा घातलेला पत्र्याचा डबा कसा नाचतो तेवढेच बघायचे असे. त्या दिवशी इंजिन जरा जास्त खोकले आणि आबा आमच्या गड्याला म्हणाले, "आज सुंदी लई खोकतंय."

गडी हसला नाही. मीही हसलो नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. तेव्हापासून ते तसेच चालू राहिले. "सुंदी उठलं का?" "सुंदीला पाणी घातलंस का?" "सुंदीचं तेल बदलाय पाहिजे." हे पुण्याकडच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे, पण कोल्हापूरकडे घरातली लाडकी पोर नपुंसकलिंगी असते, आमचं सुंदी आलं, सुंदी जेवलं, सुंदी रुसलं. इंजिनही व्याकरणाने नपुंसकलिंगीच. मोटर आली असती तर ती स्त्रीलिंगी, पंप पुल्लिंगी. त्यांना हे नाव देताना जीभ कुठेतरी अडखळली असती. इंजिनाला ते अंगात घातलेल्या सदऱ्यासारखे बसले. सुंदीआत्या सणाला माहेरी आली की मात्र आबा चार दिवस 'इंजान' एवढेच म्हणत. ती गेली की दुसऱ्या सकाळी पुन्हा सुंदी.

अवजारांना नावे देण्याची आपल्याकडे तशी रीत नाही. बैलांना असतात, होड्यांना असतात, ट्रकच्या कपाळावर आई अंबाबाईची कृपा असते आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालून आपण हातोड्यापासून लेथपर्यंत सगळ्यांची पूजा करतो. पण त्या पूजेतही हातोडा हातोडाच राहतो. कारखानदार यंत्राला नाव देतात ते विकायचे म्हणून. ते पाटीवर असते आणि पाटीखालच्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो.

तर घासून घासून इंजिन लोखंडावर आले. एका बाजूला तळहाताएवढी जागा मी मुद्दाम तशीच ठेवली आहे, जिथे चारही रंग एकाखाली एक पायऱ्यांसारखे दिसतात. बाकी सर्व अंगाला रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, म्हणजे कुळीने गंजच. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आपण आधी त्याला गंजाच्याच भावंडाचा लेप देतो, हा प्रकार मला अजून नीट झेपलेला नाही. याआधी लोखंडाला शिशाचा लाल रंग देत, आणि तो म्हणजे आपला शेंदूर. चिखलीच्या वाटेवरच्या मारुतीला आणि पुलाच्या तुळईला एकच औषध. मारुतीवरही वर्षानुवर्षे शेंदराचे थर चढत जातात आणि केव्हातरी ती सगळी खोळ सुटून पडते, मग खालची मूर्ती बघायला गाव लोटते. माझ्या इंजिनाची खोळ मी काढली तेव्हा बघायला शेजारचे दोघे होते आणि त्यातल्या एकाने याचे ॲव्हरेज काय असे विचारले.

नाव घालायला बोलावलेला पेंटर शहाणा निघाला. हे गाव पेंटरांचे आहे. इथल्या बाबूरावांनी पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हाताने घडवला आणि पेंटर हे आडनावासारखे लावले. त्यामुळे इथे साध्या पाट्या रंगवणाऱ्यालाही रंगाबद्दल मत असते. त्याने इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या, राखून ठेवलेल्या चार पायऱ्यांवर बोट फिरवले आणि म्हणाला, "काय ओ, कलर ठरल्याबिगर नाव कसं घालायचं? हिरव्यावर पिवळं उठतंय, फिरोजीवर उठत न्हाई. फिरोजीवर पांढरं घालाय लागंल. आणि नाव तरी कंचं?" मी दोन्हींसाठी आठवड्याची मुदत मागितली. शेडकार्डापुढे तासभर उभे राहण्याचे कारण ते होते.

दुकानातून शेवटी रिकाम्या हातानेच निघालो आणि घरी येऊन आत्याला फोन केला. ती आता गडहिंग्लजला मुलाकडे असते, ऐकायला थोडे कमी येते, पण आठवण पक्की आहे. मी तिला इंजिनाचे सांगितले, खालून तिच्या लग्नातला फिरोजी निघाला हेही सांगितले आणि तोच रंग पुन्हा द्यावा असे माझ्या मनात असल्याचे सांगितले. पलीकडे ती हसत सुटली.

"अरे, तो रंग मला नकोच होता. आबांना मी चिंतामणी आणा म्हणून सांगितलेलं. शालू चिंतामणी होता माझा. दुकानात असल्या नावाचा रंगच नाही म्हणाले, आणि आबा ते घेऊन आले. चार दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी."

चिंतामणी म्हणजे नेमका कोणता, यावर महाद्वार रोडच्या कापडदुकानात दोन बायकांचे एकमत होत नाही. शेडकार्डावर तो १९७८ साली नव्हता आणि शनिवारीही मला दिसला नाही. आबांनी दुकानात उभे राहून त्या नावासाठी किती हुज्जत घातली असेल आणि शेवटी त्यातल्या त्यात जवळचा म्हणून कोणत्या ठिपक्यावर बोट ठेवले असेल, हे मला एकदम दिसले. तो उरलेला डबा घेऊन ते रानात एकही शब्द न बोलता का बसले होते, तेही.

"मग आता कुठला देणार?" आत्याने विचारले.

"बघतो," मी म्हणालो.

"आणि त्याला नावबिव घालणार आहेस का काही? हल्ली घालतात म्हणे."

मी म्हणालो, अजून काही ठरवलेले नाही.