इलेक्ट्रा डिस्क भाग ४: लिव्हर कडक झाला एकदाचा!!

तीन रविवार गेले राव, माझ्या बुलेट इलेक्ट्राचा पुढचा ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवण्यात. मागच्या वेळी सांगितलं तसं जुन्या बाजारातनं डिस्कवालं चाक, कॅलिपरवाला (डिस्कवर पॅड दाबतो तो) शॉकअप, मास्टर (हँडलवरचा ब्रेक ऑइलचा पंप) असं सगळं ४,६०० ला उचललेलं. बसलं पण निवांत, २८० मिमीची डिस्क कुठं घासत नाही, म्हटलं आता ऑइल भरायचं नि निघायचं.

कसलं काय. ब्रेकचा लिव्हर थेट ग्रिपला टेकायचा, म्हणजे ऑइलमध्ये हवा. धाकट्याला लिव्हरवर बसवलं, मी खाली कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलला ८ चा पाना लावून, दाब, धर, सोड, दाब, धर, सोड... दीड बाटली डॉट ४ ब्रेक ऑइल संपलं, नळीत एक बुडबुडा दिसेना आणि लिव्हर तसाच पचपचीत. भाऊ म्हणे दादा, ड्रम काय वाईट होता. एका दुकानदाराने तर मास्टरच गेलाय म्हणून नवा गळ्यात मारायला बघितला, मी मास्टर दुरुस्तीची २२० रुपयांची किट टाकली, फरक शून्य.

मग परवा रात्री नुसतं बघत बसलेलो तेव्हा लक्षात आलं, आपलं हँडल बाहेरच्या बाजूला उतरतं, म्हणजे मास्टरचं नळीकडचं तोंड सगळ्यात वर! हवा तिथंच दबा धरून बसणार, खालनं कितीही ओढा. गाडी मेन स्टँडवरनं काढून साइड स्टँडवर कलती केली, टाकीवर ओलं फडकं (हे ऑइल रंग खातं, हेडलाइटच्या रिंगवर अनुभव घेतलाय), लिव्हर दाबून बँजो बोल्ट (मास्टरला नळी जोडतो तो) अर्धा आटा सैल केला आणि फुस्स! दोनदा केलं, दगड.

सकाळी परत थोडा ढिला. बँजोखाली ओल. तांब्याचे वायसर जुनेच लावलेले, १० रुपये वाचवायला गेलो, दुसरं काय. नवे टाकले, परत हवा काढली, आता दोन दिवस थेंब नाही.

स्टीलची नळी टाकणार होतो ती आता कॅन्सल, रबरी नवीनच घेतो, जुनीचं वय कुणाला माहीत. मागे पण डिस्क करायचं डोक्यात होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय त्यापेक्षा मागच्या ड्रमलाच चांगले लायनर टाकावेत, मागचं चाक तसंही लगेच लॉक होतं.

पॅड बसेपर्यंत गल्लीतच, दिवेघाट नंतर. आणि हो, पुढचा ब्रेक दाबल्यावर मागची लाइट पेटत नाहीये, मास्टरखालचा स्विच आणायचाच राहिला.