तुम्ही विचारलंत म्हणून: धुराची मिरची मी बरणीत का भरत नाही

भिशीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नकार्यात, सगळीकडे एकच प्रश्न. “ती चिपोटलेची पेस्ट वड्या करून फ्रीझरमध्ये कशाला ठेवतेस? वर चार बोटं तेल घाल आणि बरणी ठेव ओट्यावर. आपली लोणची नाही का वर्षभर राहत?” विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं: ही उगाच सोवळं करते. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा नीट लिहिते.

आधी त्याच्या जोडीने येणारा प्रश्न पटकन संपवते. घरात ठेचा, कांदा-लसूण मसाला, शेजारून येणारा आगरी मसाला असताना ही परदेशी मिरची कशाला? अहो, मिरची हीच मुळात मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. टोमॅटो, मका, लाल भोपळा हेही तिकडचेच. त्यामुळे परदेशी हा मुद्दा मला कळतच नाही. चव हा मुद्दा कळतो. वाशीच्या मसाला मार्केटात ब्याडगी रंगाला मिळते, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला. धूर यांतल्या एकीतही नाही. हालापेन्यो ही जाड गराची मिरची. पिकून लाल झाली की उन्हात ती वाळण्याआधी सडते, म्हणून मेक्सिकोत ती कित्येक दिवस लाकडाच्या धुरात वाळवतात. तीच चिपोटले. धूर गरात मुरलेला असतो. कोळशावर तूप सोडून दिलेला धुंगार दुसऱ्या दिवशी उडून जातो, गॅसवर भाजलेल्या मिरचीला करपल्याचा वास येतो, धुराचा नाही. दोन्ही करून झालेलं आहे, तेव्हा कृपा करून पुन्हा सुचवू नका.

आता साठवणीचं. तयार पेस्टचा डबा घोडबंदर रोडवरच्या आयात मालाच्या दुकानात मिळतो. त्यात मिरच्या आदोबो नावाच्या रसात असतात: टोमॅटो, व्हिनेगर, कांदा, लसूण, आणि पिलोन्सियो, म्हणजे आपल्या गुळाचा सख्खा भाऊ. चार माणसांच्या भाजीला एक मिरची पुष्कळ होते. बाकीच्या उरतात. उघडलेल्या पत्र्याच्या डब्यात त्या ठेवायच्या नाहीत, आंबट रसाने पत्रा खराब होतो. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, आठवडाभर ठीक. त्यापुढे फ्रीझर. सुक्या चिपोटले मिळाल्या तर मी पेस्ट घरी करते. गरम पाण्यात भिजवते, देठ काढते, परतलेल्या कांदा-टोमॅटोबरोबर वाटते. तीही फ्रीझरमध्येच.

का, ते सांगते. लसूण मातीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२१ अंश लागतात. कारखाना डबे त्यासाठीच तापवतो. या बीजाणूंना हवा नको असते, आंबटपणा नको असतो, ओलावा मात्र हवा असतो. ओली वाटलेली लसूण-मिरची आणि वर तेलाचा थर म्हणजे हवा बंद, आंबटपणा कमी, ओलावा भरपूर. त्यात आपला एप्रिल-मे. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटात तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. या विषाने आधी एकाचं दोन दिसतं, पापण्या पडतात, जीभ जड होते, मग श्वासाचे स्नायू थकतात.

“पण लोणचं?” लोणच्यात कैरीचा आंबटपणा असतो, पाणी ओढून घेणारं मीठ असतं. तिथे टिकवण्याचं काम मीठ आणि आंबट करतं, तेल फक्त वरून बुरशी येऊ देत नाही. कांदा-लसूण मसाला टिकतो कारण तो कोरडा असतो. आपल्या बायकांना हे सगळं हाताने माहीत आहे: ओला चमचा बरणीत घालू नको, हे मी लिहायला शिकण्याआधी ऐकलंय. तेव्हा मी जुन्यांना मूर्ख म्हणते, असं जे माझ्याबद्दल बोललं जातं ते खरं नाही.

ते बोललं का जातं हे मला माहीत आहे. माझ्या घरी, नौपाड्यात, भाचीचं केळवण होतं तेव्हापासून.

मावशी नेरूळहून आली होती. ही पेस्ट तिला मनापासून आवडलेली. पहिल्यांदा चाखली तेव्हा म्हणाली, “अगं, हा तर आमच्या पाटणच्या घरातल्या माळ्याचा वास.” चुलीवरच्या माळ्यावर त्यांचं बियाणं, कांदे सगळं धुरात असायचं. मी तिला सुक्या मिरच्या दिल्या, कृती लिहून दिली. केळवणाला तिने चिनी मातीची बरणी आणली. ती बरणी माझ्या आजीची. दादरा सोडला आणि खोलीभर वास सुटला. वरचं तेल लालभडक, खाली विटकरी लगदा, त्यात लसणाचे मोठे तुकडे. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. इतकी देखणी पेस्ट मी कधीच केलेली नाही, आजही नाही.

मी विचारलं, “मावशी, कधी केलीस?”

“पाडव्याला. ते व्हिनेगर तेवढं नाही घातलं गं, मला तो वास सोसत नाही. लसूण मात्र भरपूर घातला.”

“फ्रीजमध्ये होती ना?”

“फ्रीज कशाला? वर तेल आहे की.”

वैशाख चालू होता. मावशीची सून शेजारी बसली होती, सातवा महिना, आणि तिने चमचा बरणीत घातलेला होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. काढून घेतला म्हणजे ओढला. तेलाचे थेंब तिच्या साडीवर उडाले. बरणी उचलून आत नेली, सगळी पेस्ट जाड पिशवीत ओतली, पिशवीला गाठ मारली. बाहेर आले तर कोणी बोलत नव्हतं. भाची ताटाकडे बघत होती. मी जे वर लिहिलंय तेच सांगायला लागले, पण आवाज चढलेला होता आणि लसूण, माती, जंतू हे शब्द जेवणाच्या टेबलावर कसे लागतात ते मला ऐकू येत होतं.

मावशी म्हणाली, “म्हणजे मी माझ्या सुनेला विष घालत होते?”

मी म्हटलं, “तसं नाही मावशी.”

“मग कसं? आम्ही दोघं रोज खातोय ती. काही झालं आम्हाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, आजही आहे: दरवेळी विष होतंच असं नाही, पण झालं तर त्याला ना वास, ना रंग, ना चव, आणि त्यासाठी पोटातल्या बाळाची आई पणाला लावायची नाही. पण ज्या बाईने भर उन्हात ती बरणी मांडीवर घेऊन ट्रेनने आणली तिला हे सांगायला त्या क्षणी तोंड उघडेना. ती जेवली नाही. साडीचोळी देऊन, भाचीच्या तोंडावरून हात फिरवून निघून गेली.

त्यानंतर सणासुदीचे निरोप येतात. बोलणं नाही. बरणी मी धुऊन, उन्हात वाळवून परत पाठवली, तर “राहू दे तुझ्याकडेच” असं उत्तर आलं. तिच्यात आता माझं खडेमीठ असतं.

त्या दिवशीच्या मला मी कितीदा तरी विचारलंय: “मावशी, ही मी उद्यासाठी ठेवते” एवढं म्हणून बरणी आत नेता आली नसती का? ती म्हणते, नसती. दहा जणी वास घेऊन बसल्या होत्या, पाच मिनिटांत कोणीतरी बरणी पुन्हा बाहेर काढली असती. मी म्हणते, चमचा तरी हळू घेता आला असता. ती म्हणते, चमचा तोंडाजवळ होता. मग मी म्हणते, कृती लिहून देताना व्हिनेगर कशासाठी आणि फ्रीझर कशासाठी हे तू एका ओळीत लिहिलं असतंस तर? यावर ती म्हणते की मावशीला कागदावर कारणं लिहून देणंही तिला अपमानच वाटला असता. दोघींपैकी कोण बरोबर ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बरणी ओतली हे बरोबर होतं, याबद्दल मात्र आमच्यात वाद नाही.

तर माझी पद्धत. बर्फाचा वेगळा ट्रे, फक्त याच कामाचा, नाहीतर कोकम सरबतातला बर्फसुद्धा धुरकट लागतो. प्रत्येक खणात एक मोठा चमचा पेस्ट. वर झाकण किंवा फॉइल. रात्रभरात घट्ट झाल्या की वड्या काढून जाड पिशवीत, हवा दाबून काढून, वर तारीख. ट्रे नसेल तर बटर पेपरवर पातळ थापून गोठवा, हवा तेवढा तुकडा मोडता येतो. फ्रीझर उणे १८ ला असला की जंतू वाढत नाही. तो मरत मात्र नाही, म्हणून सुटलेली वडी पुन्हा गोठवायची नाही.

वडी गरम तेलात थेट टाकू नका, पाणी असतं, तडतडते आणि हात भाजतो. कांदा मऊ झाला की आच कमी करा आणि मग टाका. कडेने पांढरं दव आधी जातं, मग विटकरी पाणी सुटतं, ते आटलं की तेल लाल होऊन बाजूला येतं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, म्हणून तेवढा वेळ द्याच. राजमा, अख्खा मसूर, लाल भोपळा, रताळं, मक्याचे दाणे यांत ती शोभते. पिठल्यात उतरवताना अर्धी वडी, फार सुरेख. घट्ट दह्यात मीठ घालून कालवली तर बटाटेवड्याबरोबर चटणी होते. वालाच्या बिरड्यात घालू नका, वालाचा स्वतःचा कडसर वास मारला जातो. सुक्या बोंबलात तर मुळीच नको.

ज्यांना हवी त्यांनी मागा, मी देते. पण घरी पोचल्यावर लगेच फ्रीझरमध्ये जाणार असेल तरच. ठाण्याहून डोंबिवलीला उभ्याने जाणार असाल, वाटेत खरेदी करणार असाल, तर नाही म्हणेन आणि तुम्हाला राग येईल. येऊ दे.

मावशी, हे तुझ्या सुनेच्या फोनवर तुला कोणी वाचून दाखवलंच तर एक सांगायचं राहिलंय. केल्या केल्या फ्रीझरमध्ये जाणार असेल तर व्हिनेगर घालायलाच पाहिजे असं नाही. लसूण तुला हवा तेवढा घाल. सुक्या मिरच्या माझ्याकडे आहेत, मोरिता, त्या बारक्या जांभळट, तुला आवडल्या होत्या त्याच. सांग, नेरूळला आणून देते.