खोक्यातला वारा आणि सातवीचा वर्ग

साताऱ्याहून ठोसेघरकडे जाणारा घाट चढून आले की चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. मी ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते ती याच डोंगररांगेच्या उतारावर असल्यामुळे माझ्या मुलांनी विमान जवळून पाहिलेले नसले, तरी पवनचक्कीचे पाते मात्र जन्मापासून पाहिलेले आहे. गेल्या डिसेंबरमध्ये सातवीच्या एका मुलाने विचारले, ‘बाई, पात्याला पीळ का दिलाय?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विमानाच्या पंखापर्यंत जावे लागते, हे लक्षात आल्यावर मी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत ‘माणूस उडायला कसा शिकला’ हा एकच विषय कृतींतून घ्यायचे ठरवले. आठवड्यातले दोन तास, 23 मुले आणि मुख्याध्यापक सरांनी मंजूर केलेले एक हजार रुपये एवढ्यावर हे काम झाले.

सुरुवात मी सर्वांना परिचित असलेल्या प्रयोगाने केली. कागदाची पट्टी हनुवटीपाशी धरून तिच्या वरून फुंकर मारली की खाली लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. त्यानंतर मी डी.एड.च्या काळात शिकलेले स्पष्टीकरण फळ्यावर लिहिले: पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पलीकडे पोचण्यासाठी ती वेगाने जाते, वेग वाढला की दाब कमी होतो आणि पंख वर ढकलला जातो. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहायची थांबली आणि तिने विचारले, ‘वरच्या आणि खालच्या हवेनं एकाच वेळी पोचायला पाहिजे, असं कुणी ठरवलंय?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, की कागदी विमानाचे पंख सपाट असतात, मग ते कसे तरंगते. माझ्याकडे दोन्ही प्रश्नांची उत्तरे नव्हती आणि तसे मी वर्गात सांगितले.

त्या रात्री मी वाचायला बसले, तेव्हा वर्षानुवर्षे शिकवलेली गोष्ट चुकीची असल्याचे कळले. वरच्या बाजूची हवा खरोखरच वेगाने जाते आणि तिथला दाब खरोखरच कमी असतो, परंतु दोन्ही प्रवाहांनी एकाच वेळी पोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. उलट वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोचते. पंख आपल्याभोवतीच्या हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर ढकलते. पंख सपाट असला तरी वाऱ्याशी थोडा कोन करून धरला की हेच घडते. दुसऱ्या दिवशी मी आधीचे स्पष्टीकरण मुलांकडून एका रेघेने खोडून घेतले, मात्र पान फाडू दिले नाही. त्याच दिवशी आम्ही ठरवले, की यापुढे छापलेले असो किंवा बाईंनी सांगितलेले असो, जे मोजता येईल ते मोजून पाहायचे आणि आधी आकडा लिहून मग कारण लिहायचे.

पंखाला मिळणारा उचल, म्हणजे हवा त्याला वर ढकलते तो जोर, मोजायचा तर वारा हवा, आणि बाहेरचा वारा एका जागी एका वेगाने वाहत नाही. म्हणून आम्ही वाऱ्याचा बोगदा केला. किराणा दुकानातून बिस्किटांचे मोठे खोके आणून त्याची दोन्ही टोके उघडली आणि एका टोकाशी टेबलफॅन ठेवला. पंख्याचा वारा गरगरत येतो, तो सरळ करण्यासाठी जुन्या वह्यांच्या पानांच्या दीडशेहून अधिक सुरळ्या करून त्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटवून तोंडाशी बसवल्या. पंख म्हणून 30 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद अशी पुठ्ठ्याची पट्टी घेतली. सुरुवातीला आम्ही माझ्या स्वयंपाकघरातला डिजिटल काटा खोक्याच्या आतच ठेवला, आणि तिथेच फसलो. वारा काट्याच्या तबकडीवरही आपटत असल्यामुळे आकडे एकसारखे नाचत राहिले आणि एक पूर्ण तास वाया गेला. अखेर एका मुलाने सुचवले की काटा खोक्याच्या खाली ठेवावा, तळाला भोक पाडावे आणि पंख एका काडीवर उभा करून ती काडी भोकातून खाली आणावी. काडी म्हणून सायकलच्या दुकानातून दोन जुने स्पोक आणले. वाकणार नाही, वारा अडवणार नाही आणि फुकट मिळेल, अशी त्याहून चांगली वस्तू आम्हाला सापडली नसती.

मग मात्र काम जमले. काडी आणि बैठकीसह पंखाचे वजन 118 ग्रॅम भरले होते. पट्टी वाऱ्याला अगदी समांतर असताना पंखा लावला, तर काटा 118 वरच राहिला. कंपासपेटीतल्या कोनमापकाने पाच अंशांचा कोन दिला तेव्हा तो 112 वर आला, दहा अंशांना 106 वर आणि पंधराला 103 वर. सगळा वर्ग श्वास रोखून त्या लाल आकड्यांकडे पाहत होता, कारण पंधरा ग्रॅम वजन कोणीही हात न लावता वाऱ्याने उचलून धरले होते. वीस अंशांना आकडा आणखी उतरला नाही, आणि पंचविसाला पट्टी थरथरू लागून तो पुन्हा वर चढला. कोन फार वाढला की हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही, ती सुटते आणि उचल ढासळतो, हे मला सांगावे लागले. पण असे काहीतरी घडते आहे, हे मुलांनी माझ्याआधी पाहिले होते. त्यानंतर तीच पट्टी किंचित बाकदार करून लावली, तेव्हा शून्य अंशांनाही काटा तीन ग्रॅमने उतरला. फुगीर पंखाचा फायदा नेमका किती, ते मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या वहीत आता आकड्यात लिहिलेले आहे.

राईट बंधूंची गोष्ट मी इतके दिवस मुद्दाम मागे ठेवली होती, ती या टप्प्यावर सांगितली. मुलांना ती ‘विमानाचा शोध कोणी लावला’ या एका ओळीच्या उत्तरापुरती ठाऊक होती. जर्मनीच्या ओटो लिलिएनथाल यांनी 1891 पासून टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा ग्लायडरने झेप घेतली आणि ऑगस्ट 1896 मध्ये अशाच एका झेपेत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेल्या कोष्टकांवर आणि त्याहून जुन्या एका गुणांकावर विसंबून विल्बर आणि ऑर्व्हिल यांनी आपले ग्लायडर बांधले, पण 1901 च्या ग्लायडरला हिशेबापेक्षा बराच कमी उचल मिळाला. तेव्हा अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या आपल्या सायकलच्या दुकानात त्यांनी सहा फूट लांबीचे लाकडी खोके केले, त्यात पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे आकारांचे छोटे पंख तपासले. वाऱ्याचा दाब काढण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे वापरला जाणारा तो गुणांक 0.005 होता, आणि त्यांच्या मोजणीत तो 0.0033 च्या आसपास आला. त्या खोक्यातले तराजू त्यांनी करवतीच्या जुन्या पात्यांपासून आणि सायकलच्या स्पोकच्या तारेपासून बनवले होते, हे वाक्य मी उच्चारले मात्र, वर्गातली सगळी डोकी एकाच वेळी आमच्या खोक्याकडे वळली. शिकवण्याच्या चौदा वर्षांत असा क्षण माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आला आहे.

यानंतरची कृती सर्वांत स्वस्त होती आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. 1899 मध्ये दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचे रिकामे खोके होते. ते त्याने सहज पिळले, आणि पंख असेच पिळले तर विमान एका अंगाला झुकवता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. मी प्रत्येकाला टूथपेस्टचे रिकामे खोके आणायला सांगितले होते. दोन्ही टोके उघडून कोपरे विरुद्ध दिशांनी दाबले की एका बाजूची कड खाली वळते आणि दुसरीकडची वर. ज्या टोकाचा कोन वाढतो तिथे उचल अधिक मिळतो, हे मुलांनी काट्यावर आधीच पाहिलेले असल्यामुळे मला काहीही समजावावे लागले नाही. दोन मुली रोज घाटरस्त्याने सायकलवर येतात. त्यांनी आपण होऊन सांगितले की वळणावर नुसते हँडल फिरवून भागत नाही, अंग आत झुकवावे लागते. सायकल बनवणाऱ्या माणसांनाच हे सुचावे, याचे मग कोणालाच नवल वाटले नाही.

पतंगाचा तास संक्रांतीच्या आठवड्यात घेतला. एका मुलाचे आजोबा पूर्वी मोठ्या चौकोनी वावड्या करत असत. त्यांना मी शाळेत बोलावले. त्यांनी बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून, जाड कागदाची आपल्या छातीएवढी वावडी मुलांसमोर तयार केली. मैदानावर पहिल्या खेपेला ती वर जाऊन गोते खाऊ लागली. आजोबांनी ती उतरवली, कणीची, म्हणजे वावडीला दोर बांधायच्या फासाची, गाठ सोडली, एक बोट वर सरकवून पुन्हा आवळली आणि म्हणाले, ‘आता बघा.’ वावडी तटतटून ताणली गेली आणि स्थिर उभी राहिली. एका मुलाने ताबडतोब कोनमापक मागितला. गाठ सरकवली की वावडी वाऱ्याशी करत असलेला कोन बदलतो, म्हणजे आम्ही खोक्यात करत होतो तेच आजोबा बोटाच्या मापाने करत होते. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी 1894 मध्ये पेटीच्या आकाराचे चार पतंग एका दोरीत ओवून स्वतःला 16 फूट उंच उचलून घेतले होते, आणि राईट बंधूंनीही 1899 मध्ये पंख पिळण्याची कल्पना आधी पतंगावरच पारखली, हे सांगितल्यावर आजोबांनी चार पतंगांची दोरी कशी बांधली असेल याची मुलांपेक्षा बारकाईने चौकशी केली.

गरम हवेचा फुगा मात्र एकदा फसला. पतंगाच्या कागदाचा मीटरभर व्यासाचा फुगा आम्ही केला आणि साताऱ्यातल्या पार्लरमधून हेअर ड्रायर मागून आणला, कारण आसपास वाळलेले गवत असताना आग वापरायची नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. फुगा टम्म फुगला, पण जमीन सोडेना. वजन केल्यावर तो 96 ग्रॅमचा निघाला, कारण सांध्यांना खळ सढळ हाताने लावली गेली होती. दुसरा फुगा बोटभरापेक्षाही अरुंद सांध्यांचा, 61 ग्रॅमचा केला आणि सकाळच्या थंडीत सोडला, तो शाळेच्या कौलांच्या वर गेला. फ्रान्सच्या मोंगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्याखाली 1783 मध्ये मेंढी, बदक आणि कोंबडा बसवले होते, ही गोष्ट पहिली-दुसरीच्या मुलांनाही इतकी आवडली की त्यांनी तिची चित्रे काढून भिंतीवर लावली.

फेब्रुवारीच्या मध्यात पालकांची संमतीपत्रे घेऊन आम्ही पठारावर पवनचक्क्या पाहायला गेलो आणि पिळाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिथे कुंपणाबाहेर उभे राहूनच मिळाले. पात्याचे टोक बुंध्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरते, त्यामुळे टोकाला वारा वेगळ्या दिशेने आल्यासारखा लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी योग्य कोन राखायचा तर पात्याला पीळ देणे भाग पडते. विमानाचा पंखा (प्रोपेलर) म्हणजे फिरणारा पंखच आहे, हे ओळखून राईट बंधूंनी आपल्या पंख्याची पाती अशीच पिळाची कोरली होती.

परतीच्या वाटेवर जो प्रश्न येणार हे मला माहीत होते, तो आलाच. एका मुलाने विचारले, की शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे घरी सांगतात, ते खरे का. हा प्रश्न हसण्यावारी नेणे मला योग्य वाटले नाही, कारण त्यामागे आपल्या माणसाविषयीचा अभिमान होता. मी मुलांना वहीतले रकाने काढायला सांगितले: तारीख, अंतर, वेळ, साक्षीदार, छायाचित्र. राईट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 च्या उड्डाणांसाठी पाचही रकाने भरले. चौपाटीच्या उड्डाणासाठी त्यांतला एकही रकाना खात्रीने भरता येत नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसले. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी तळपद्यांचे नाव जोडले जाते, त्यातल्या विमानांची 1974 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तपासणी केली आणि ती उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला, हेही मी सांगितले. तो मुलगा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग त्याने त्या ओळीपुढे ‘पुरावा मिळाल्यास भरणे’ असे लिहिले. मी ते तसेच राहू दिले.

विज्ञान दिनाला आम्ही राईट बंधूंच्या त्या दिवशीच्या चार उड्डाणांची अंतरे जमिनीवर आखली. पहिले 120 फुटांचे, बारा सेकंदांचे, ऑर्व्हिलचे. ते आमच्या मैदानातच संपले. दुसरे 175 फुटांचे आणि तिसरे 200 फुटांचे फाटकाबाहेर गेले. चौथ्या, विल्बरच्या 852 फुटांच्या उड्डाणासाठी मुले टेप धरून रस्त्याने चालत राहिली, मारुतीचे देऊळ मागे पडले आणि चुन्याची शेवटची रेघ पिठाच्या गिरणीसमोर आली. गिरणीवाल्या काकूंनी दळण थांबवून बाहेर येऊन विचारले, तेव्हा टेप धरलेल्या मुलीने सांगितले की 59 सेकंद उडून विमान इथे उतरले. काकूंनी पुढे त्याचे काय झाले असे विचारल्यावर तिने तेही सांगितले: थोड्याच वेळाने वाऱ्याच्या एका झोताने ते उलटले, मोडले आणि पुन्हा कधीही उडाले नाही. काकूंनी ती रेघ आठवडाभर झाडू दिली नाही.