तंजावर, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम: चोळांच्या देवळांत एक शनिवार-रविवार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात शिरलं की मान आपोआप वर जाते. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे दोनशे सोळा फूट उंच आहे आणि राजराज चोळाने ते १०१० च्या सुमारास पूर्ण केलं, हे वाचलेलं असतं. तरीही तिथे उभं राहिल्यावर काही क्षण बोलणंच सुचत नाही. पण माझं एक मनापासून सांगणं आहे: वर पाहून झालं की खाली बघा. देवळाच्या जोत्यावर, अगदी हाताच्या उंचीवर, तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. माझ्या दृष्टीने या देवळाचा खरा जीव तिथे आहे.

आम्ही चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीची गाडी पकडली आणि शनिवारी सकाळी तंजावरला उतरलो. सोबत दादा आणि वहिनी. वहिनीचं शिक्षण चेन्नईत झालं असल्यामुळे तिला तमिळ वाचता येतं. हजार वर्षांपूर्वीची लिपी आजच्या तमिळहून बरीच वेगळी आहे, तरी अधूनमधून एखादं अक्षर ओळखीचं निघालं की ती आम्हाला हाक मारून दाखवायची.

या लेखांच्या सुरुवातीलाच राजराजाची आज्ञा आहे. आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं श्रीविमानाच्या दगडावर कोरा, असं तो सांगतो. थोरल्या बहिणीचा, कुंदवैचा, उल्लेख राण्यांच्या आधी येतो. ‘इतरांनी’ हा शब्दही नुसता शोभेचा नाही. देवळाच्या सेवेसाठी चोळ मुलखातल्या निरनिराळ्या देवळांतून चारशे नर्तकी आणल्या होत्या. त्या प्रत्येकीचं नाव, ती मूळची कुठल्या देवळातली आणि इथे कुठल्या गल्लीतलं कितवं घर तिला दिलं, हे सगळं लिहिलेलं आहे. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (धान्याचं तेव्हाचं माप) भात. पुढे वादक, छत्र धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, सोनार, हिशेबनीस असे सगळे येतात. एखादा सेवेकरी वारला तर त्याची जागा जवळच्या नातलगाने घ्यायची, हेही ठरवून दिलंय. अखंड तेवणाऱ्या एका दिव्याच्या तुपासाठी ९६ मेंढ्या किंवा ४८ गायी किंवा १६ म्हशी, असा हिशेब. एवढं मोठं देऊळ रोज चालतं कसं, याचं उत्तर राजाने देवळावरच लिहून ठेवलं. आपल्याकडच्या कितीतरी देखण्या देवळांबद्दल ती कुणी बांधली एवढंही धड माहीत नसतं, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटलं.

दुपारी फरशी इतकी तापते की अनवाणी चालणं अवघड होतं. गाभाराही दुपारी बंद असतो. त्यामुळे तेवढा वेळ केळीच्या पानावर जेवून आम्ही राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय पाहिलं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा देवळात आलो. या देवळाच्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पडते की! देऊळ पूर्वाभिमुख आहे. संध्याकाळी सूर्य मागे गेला की विमानाची लांबच लांब सावली नंदीच्या दिशेने पसरते आणि सगळी मंडळी त्याच सावलीत पथारी टाकून बसतात. लहान मुलं पळत असतात, आज्या डबे उघडतात. ही सावली आहे म्हणून तर ते अंगण संध्याकाळी इतकं नांदतं असतं.

आणि मग मराठी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच देवळात मराठीत कोरून घेतला. प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या कोटाच्या, नैर्ऋत्य बाजूच्या ओवरीत, शिवलिंगांच्या रांगेमागच्या भिंतीवर तो आहे. आम्ही शोधत शोधत गेलो. देवनागरी अक्षरं दिसली आणि दादा भिंतीला जवळजवळ नाक लावून वाचायला लागला. अक्षरं बारीक, दाटीवाटीने बसवलेली, काही झिजलेली. पण शहाजी, शिवाजी ही नावं डोळ्यांना सापडतातच. जगातल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात, आणि भिंतीमागून भिंत चालत गेलो तेव्हा ते पटलंही. शेजारून जाणारे बहुतेक लोक तिकडे ढुंकूनही पाहत नव्हते. मराठी माणसाने मात्र या ओवरीसाठी अर्धा तास राखून ठेवावा. परमुलखात राज्य करायला आलेल्या घराण्याने आधीच्या राजाच्या देवळातली त्याची अक्षरं जशीच्या तशी राहू दिली आणि आपली कहाणी बाजूला ओवरीत लिहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

रविवारी पहाटे कुंभकोणमची वाट धरली. पितळी डबऱ्यातली फिल्टर कॉफी घेतली आणि शेजारीच असलेलं दारासुरम गाठलं. इथलं ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. तंजावरच्या मानाने लहान, पण कोरीवकाम असं की पुढे सरकवत नाही. पुढचा मंडप रथासारखा आहे, त्याला दगडी चाकं आणि उधळलेले घोडे. एका शिल्पात हत्ती आणि बैल यांचं डोकं एकच आहे. एका बाजूचं धड हाताने झाकलं की हत्ती दिसतो, दुसऱ्या बाजूचं झाकलं की बैल.

मी सगळ्यात जास्त रमलो ते बाहेरच्या जोत्यावरच्या छोट्या पट्टांपाशी. त्रेसष्ट नायनार, म्हणजे तमिळ शैव संतांच्या कथा तिथे वीतभर उंचीच्या चौकटींत कोरल्या आहेत. एका ठिकाणी मगरीने पूर्वी गिळलेला मुलगा तिच्या जबड्यातून परत बाहेर येतोय. सुंदरर या संताच्या प्रार्थनेने घडलेला हा चमत्कार. मगरीची पाठ, मुलाचं डोकं, सगळं तळहाताएवढ्या जागेत. या संतांत शिकारी कण्णप्पा आहे, कुंभार तिरुनीलकंठ आहे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला नंदनार आहे, कारैक्काल अम्मैयार ही स्त्री आहे. गोरोबा, चोखोबा, जनाबाई ऐकत वाढलेल्या माणसाला ही मंडळी परकी वाटूच शकत नाहीत.

शेवटी गंगैकोंडचोळपुरम. राजराजाचा मुलगा राजेंद्र याच्या सैन्याने गंगेपर्यंत मजल मारली, तिथलं पाणी आणलं आणि त्याने इथे नवी राजधानी वसवली. राजधानी म्हणून ती चोळांच्या शेवटापर्यंत टिकली. आज एक खेडं आहे आणि ऐन मोकळ्यावर हे देऊळ. विमान तंजावरपेक्षा थोडं बुटकं, पण तंजावरचं सरळ रेषेत चढतं आणि हे आत वळत जातं. मला हे जास्त आवडलं. उत्तरेच्या पायऱ्यांपाशी चंडेश या शिवभक्ताचं शिल्प आहे. शंकर बसल्या जागेवरून पायाशी बसलेल्या भक्ताच्या मस्तकाला फुलांची माळ गुंडाळतोय आणि भक्त हात जोडून मान खाली घालून बसलाय. अनेक अभ्यासकांना त्यात राजेंद्राचाच राज्याभिषेक दिसतो. मी त्या बोटांकडेच बघत राहिलो, इतकी ती हळुवार आहेत.

या देवळाचा मोठा प्राकार आज जवळजवळ उरलेला नाही. १८३६ मध्ये इंग्रजांनी कोल्लिडम नदीवर खालचा बंधारा बांधला, तेव्हा इथले दगड तिकडे नेले. कुंभकोणमहून येताना अणैक्करैला आपण तोच बंधारा ओलांडतो. हे ठाऊक असेल तर तिथे गाडी थांबवून एकदा खाली बघावंसं वाटतं.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. दारासुरमसाठी एक छोटं भिंग बरोबर ठेवा आणि तिथे सकाळचं तिरपं ऊन असताना पोहोचा, कारण दुपारच्या सरळ उन्हात ते पट्ट सपाट दिसतात. तंजावरच्या गाभाऱ्याभोवतीच्या मार्गातली चोळकालीन चित्रं सर्वांना पाहता येत नाहीत. त्यांची छायाचित्रं आवारातल्या दालनात लावली आहेत, ती चुकवू नका.