टाळी न पडलेलं गाणं

लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मला आधी ऐकू येतात त्या टाळ्या. गिटारचे दोन सूर पडतात न पडतात तोच लोक गाणं ओळखतात आणि कडकडाट सुरू. गाणं अजून व्हायचंय, दाद आधीच पोचती! गोवेकराला याचं नवल वाटू नये. देवळातल्या उत्सवाच्या संगीत नाटकाला आलेल्यांना कथा पाठ असते. ते थांबलेले असतात पदासाठी. ऑर्गनवर सूर धरला की शेजारचे काका कोपराने ढोसतात, "आतां येतलें पळय!" आणि आलं की वन्स मोअर.

म्हणूनच कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग याचा 'लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१' हा लाइव्ह अल्बम मी पुन्हापुन्हा लावतो. १९ जानेवारी १९७१, टोरांटो, त्याचं जन्मगाव. वय पंचवीस. पाठीचं दुखणं असं की इलेक्ट्रिक गिटार पेलवेना. त्यामुळे एकटाच, साधी गिटार नाहीतर पियानो. पियानोवर एक गाणं चालू असताना मध्येच तो 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये शिरतो, आणि सभागृह गप्प. टाळी कोण देणार? पुढच्या वर्षी हेच गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर जाणार, हे तिथे कोणाच्या गावीही नाही. इथे फोंड्यात माझा हात मात्र टाळीसाठी उचलला जातो. त्या लोकांचा मला हेवा वाटतो. ते गाणं ऐकत होते. मी ओळखतो आहे.

'ओल्ड मॅन'ही तेव्हा नवंच. यंगने कॅलिफोर्नियात रँच घेतली, तिथल्या म्हाताऱ्या राखणदारावरचं हे गाणं. आमच्याकडेही भाट, म्हणजे माडांची बाग, घेतलं की राखणदार सोबत येतो, फक्त तो जागेचं दैवत असतो, दिसत नाही. त्याला रोट आणि विडी ठेवावी लागते. गाणं अजून कोणी केलेलं ऐकिवात नाही.

निर्माता डेव्हिड ब्रिग्जचा आग्रह होता की हेच रेकॉर्डिंग लगेच काढावं. यंगने ऐकलं नाही, स्टुडिओत सजवलेला 'हार्वेस्ट' काढला. हिशोबाने त्याचंच बरोबर ठरलं: १९७२ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम तोच. मी तरी ब्रिग्जच्या बाजूचा. मॅसी हॉलचा अल्बम निघाला थेट २००७ मध्ये. ब्रिग्ज १९९५लाच गेला होता, आणि विकत घेणाऱ्या बहुतेकांना गाणी तोंडपाठ होती.