पुंगळ्या वीतभर जागेत

सोमवारी सकाळी तपास अधिकारी पाकीट घेऊन आला. मी पेनसिल्व्हेनियात एका फॉरेन्सिक प्रयोगशाळेत शस्त्रविभागात आहे. शेजाऱ्याशेजाऱ्यांचं भांडण, रात्री उभ्या ट्रकवर तीन गोळ्या. नशीब, माणसाला काही लागलं नव्हतं. पाकिटात .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या तीन रिकाम्या पुंगळ्या आणि ट्रकच्या दारातून काढलेली एक चेपलेली गोळी.

गोळीवर नळीने उमटवलेल्या सहा खाचा, पीळ डावीकडे. कोल्ट कंपनीच्या नळ्यांचा पीळ सहसा डावा असतो. काडतूसही पिस्तुलाचं. मी कच्च्या नोंदीत ‘१९११ पद्धतीचं (म्हणजे कोल्टच्या जुन्या लष्करी पिस्तुलासारखं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल’ लिहून टाकलं आणि चहा घेऊन आलो.

मग पुंगळ्या मायक्रोस्कोपखाली धरल्या, आणि चहा तसाच गार झाला. पिस्तूल पुंगळी उपसून बाहेर फेकतं. तिच्या कडेवर उपसणाऱ्या नखीचा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचा, आणि बुडावर बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा ठसा उमटतो. एखाद्या पुंगळीवर तो पुसट असेल, पण तिन्हींवर दोन्ही गायब? उलट आतल्या बाजूला, तळाशी ताजे ओरखडे. जागेचे फोटो पुन्हा काढून बघितले. तिन्ही पुंगळ्या कुंपणाशी वीतभर जागेत पडलेल्या. पिस्तुलाने त्या उडवून लांब फेकल्या असत्या.

शेजारच्या टेबलावरच्या आमच्या सगळ्यात जुन्या परीक्षकाने एक नजर टाकली आणि खणातून अर्धचंद्राच्या आकाराची पोलादी पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. हाफ-मून क्लिप.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा १९११ पिस्तुलं पुरेनात. लष्कराने कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडून त्यांची मोठी रिव्हॉल्व्हरं याच काडतुसासाठी करून घेतली, दोघांची मिळून तीन लाखांच्या आसपास. पण पिस्तुलाच्या काडतुसाची कड बाहेर आलेली नसते, रिव्हॉल्व्हरचा एक्स्ट्रॅक्टर धरणार कशाला? म्हणून ही पट्टी: तीन काडतुसं एकीत, अशा दोन पट्ट्या सिलिंडरमध्ये. सुरुवातीच्या कोल्टमध्ये क्लिप नसली तर काडतूस खोल सरकायचं आणि बारच उडायचा नाही. पुढे सिलिंडरमध्ये काडतूस अडवणारा खांदा दिला, मग क्लिपशिवायही भागू लागलं. फक्त रिकाम्या पुंगळ्या समोरून काहीतरी खुपसून एकेक ढकलाव्या लागत. १९२० मध्ये जाड कडेचं ‘ऑटो रिम’ काडतूस निघालं ते याच कटकटीपायी.

अधिकाऱ्याला फोन केला. “पिस्तूल सोडा, जुनं कोल्ट रिव्हॉल्व्हर शोधा. आणि जवळपास एखादी बारीक सळई वगैरे दिसली तर तीही आणा.”

गुरुवारी दोन्ही आलं. पणजोबांचं रिव्हॉल्व्हर, मुठीच्या तळाला कडी आणि ‘यू.एस. आर्मी मॉडेल १९१७’ असा शिक्का. क्लिपा घरच्यांनी केव्हाच हरवलेल्या. त्याच खणात पातळ टोकाचा स्क्रूड्रायव्हर होता. आतले ओरखडे त्याच्याशी जुळले.

चाचणीचे बार मी मुद्दाम क्लिपशिवाय काढले. दुसरी पुंगळी ढकलताना पेन्सिल मोडली. म्हातारा हसत राहिला.

कच्च्या नोंदीतलं आमच्याकडे पुसता येत नाही. ‘सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल’वर एक आडवी रेघ, शेजारी माझी आद्याक्षरं आणि तारीख.